सात टिचक्या, सात बापजादे

तिंचतिक या नावाचा अर्थ शांतता. तो जन्मला तेव्हा घरच्यांना जे हवं होतं तेच त्यांनी त्याचं नाव ठेवलं, आणि त्यानंतर ते त्यांना कधीच मिळालं नाही. तो बसला की त्याचा उजवा गुडघा हलायचा. उजवा थांबला की डावा. चहा ढवळायला त्याला चमचा लागत नसे. पेला मांडीवर ठेवला की साखर आपोआप विरघळायची.

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावच्या बाजारात एका जुन्या लोखंडी कंटेनरात त्याचं फोन दुरुस्तीचं दुकान होतं. एका बाजूला लोकरी मोजे विकणारी बाई, दुसऱ्या बाजूला लगाम आणि रिकिबी विकणारा म्हातारा. तिंचतिककडे येणाऱ्या निम्म्या फोनांना काहीही झालेलं नसायचं. माणसं काकुळतीला येऊन सांगायची, "मंद झालाय रे. काहीतरी कर."

"मंद नाही झाला," तिंचतिक म्हणायचा. "नखरे करतोय."

त्याचं म्हणणं असं, की फोनला सगळं तत्काळ जमतं; पण प्रत्येक पान पडद्यावर येताना आधी जरा सरकतं, मग फुलतं, मग झुळझुळ करत थांबतं. नवी सून पडद्याआडून येऊन घरातल्या एकेका म्हाताऱ्याला वाकून नमस्कार करते, तसं. हे सगळं बंद करता येतं. पण ते जिथून बंद होतं ते पान कंपनीने लपवून ठेवलंय, आणि बहुतेक माणसं ते न बघताच मरतात. तिंचतिकच्या स्वतःच्या फोनवर सगळे नखरे बंद होते. बोट लावलं की पान हजर. मधे पापणी लववायलासुद्धा जागा नाही.

"गरगरतं मला," कनिशायने एकदा तो हातात घेऊन सांगितलं होतं. "तुझ्यासारखाच आहे हा."

कनिशाय दवाखान्यात परिचारिका होती आणि तिला कशाचीच घाई नसे. ती जांभई द्यायची तेव्हा आजूबाजूचे लोक आपापली कामं उरकून घ्यायचे. तिने इंजेक्शन द्यायला घेतलं की रोगी आधी घाबरायचा, मग कंटाळायचा, आणि मग टोचून झालंय हे त्याच्या लक्षात यायचं. या मुलीवर तिंचतिकचा जीव होता, आणि येत्या रविवारी त्याची आई तिच्या कानात कर्णफुलं घालायला जाणार होती. कर्णफुलं घातली की ठरलं. त्यानंतर मुलगी दुसऱ्या कोणाची होत नाही. तोवर मात्र काहीही होऊ शकतं, आणि त्यामुळे त्या आठवड्यात तिंचतिकचे दोन्ही गुडघे एकाच वेळी हलत होते.

बुधवारी दुकानात कनिशायचे वडील आले.

तेमिरकुल आयुष्यभर घोडे सांभाळून निवृत्त झाले होते, पण गावात त्यांचा दरारा होता तो वंशावळींमुळे. कोण कोणाचा नातू, कोणाचा पणजा कोणाच्या पणजाचा सावत्र भाऊ, हे त्यांच्या डोक्यात होतं. मुलगा आणि मुलगी सात पिढ्यांच्या आत एकमेकांची लागत असतील तर लग्न होत नाही, हा नियम. आणि ती मोजदाद करायला लोक तेमिरकुलना बोलवायचे. त्यांनी बरीच लग्नं मोडली होती. एक तर मांस शिजून ताटात आल्यावर.

"अक्षरं मुंगीएवढी झालीत," त्यांनी फोन पुढे केला. "आणि काही उघड म्हटलं की हा विचार करत बसतो. मी काय याच्या मुलीला मागणी घालतोय?"

तिंचतिकचे दोन्ही गुडघे एकदम थांबले. मग त्याने वडीलधाऱ्यांना मारतात तशी हाक मारली.

"आके, ही गोष्ट मी सगळ्यांना दाखवत नाही. तुमच्यासाठी म्हणून." त्याने सेटिंग उघडली, तळाशी गेला, 'फोनविषयी' उघडलं, पुन्हा तळाशी गेला. "हा बघा बिल्ड नंबर. दिसायला मेलेला आकडा आहे. पण याच्यावर सात टिचक्या मारल्या की गुप्त दार उघडतं."

"सात?"

"सात."

"कुठले सात?"

"कुठलेही, आके. नुसत्या टिचक्या."

तेमिरकुलनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं ते दात न बघता घोडा विकत घेणाऱ्याकडे बघायचे. "पोरा, आपल्यात नुसतं सात नसतं."

त्यांनी पांढरी उंच टोपी नीट केली, अंगठा पडद्यावर टेकवला आणि म्हणाले, "माझा बाप बेकतूर." मग दुसरी टिचकी. "त्याचा बाप अल्सेयित. त्याचा बाप मोलतोय."

पडद्यावर खालून एक ओळ उगवली : *आणखी चार पायऱ्या.*

तेमिरकुलचा अंगठा थांबला. त्यांनी ती ओळ वाचली. मग बाजूच्या लगामवाल्याला हाक मारून आत बोलावलं आणि त्यालाही वाचायला लावली. चार पायऱ्या! तीन नावं झाली, चार उरली. हिशेब बरोबर होता. त्यांनी पुढची नावं प्रार्थनेत म्हणावीत तशा आवाजात म्हटली, प्रत्येकावर एक टिचकी, आणि सातव्या नावाला फोनने जाहीर केलं : *आता तुम्ही विकासक झालात!*

"याला माझे सगळे ठाऊक आहेत," तेमिरकुल हळूच म्हणाले. त्यांचे डोळे ओलावले होते. "तिंचतिक, एखादं नाव चुकलं असतं तर यानं उघडलं नसतं. हो ना?"

इथे तिंचतिकने 'नाही' म्हणायला हवं होतं. एवढा साधा शब्द. पण समोर कनिशायचा बाप होता, आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे प्रेमाने बघत होता, आणि रविवार चार दिवसांवर होता.

"हो आके. अगदी तसंच," तो म्हणाला.

मग घाईघाईने त्याने गुप्त पानावरचं बाकीचं काम उरकलं. नखऱ्यांचे तीन आकडे होते, तिन्ही शून्य केले. खाली रुंदीचा एक आकडा होता, तो उलट्या खोपडीचा. कमी केला की अक्षरं मोठी होतात. त्याने तो कमी केला.

"अजून," तेमिरकुल म्हणाले.

"आके, अजून मोठी केली तर पडद्यावर एका वेळी चारच शब्द मावतील."

"माणसानं एका वेळी चारच शब्द बोलावेत. अजून."

अक्षरं जर्दाळूएवढी झाली. तेमिरकुल समाधानाने गेले.

गुरुवारी दुपारपर्यंत गावात तीस-चाळीस विकासक झाले होते. गावात तोवर धड एक रस्ता नव्हता, दवाखान्याचं छप्पर गळत होतं, पण विकासक मात्र गल्लोगल्ली. म्हातारे बाकांवर ओळीने बसून आपापल्या फोनला बापजादे ऐकवत होते. ज्यांना नावं येत नव्हती अशी तरणी पोरं मॉस्कोत मजुरीला गेलेल्या बापांना फोन करून विचारत होती, "पाचवा कोण? नाही, पाचवा! चौथा झालाय." समागान नावाच्या एका सज्जन शेजाऱ्याचा फोन मात्र काही केल्या उघडेना. त्याच्या फोनच्या कंपनीने तो आकडा दुसऱ्याच पानावर ठेवला होता आणि समागान भलत्याच आकड्यावर टिचक्या मारत होता, पण हे कोणाला माहीत? लोक त्याच्या पणजीविषयी हळू आवाजात बोलू लागले. संध्याकाळी समागानची बायको माहेरी निघून गेली.

शुक्रवारी कनिशाय कंटेनरात आली. दार लावून घेतलं, स्टुलावर बसली, हातमोजे काढले, ते एकावर एक ठेवले. तिंचतिक तोवर दोनदा उठून बसला होता.

"बोल ना गं!"

"बोलतेय." तिने मोज्यांची बोटं सारखी केली. "माझ्या वडिलांनी ठरवलंय. रविवारी तूही यायचंस. एरवी मुलगा येत नाही, पण तू यायचंस. सगळ्यांसमोर त्यांच्या फोनवर तुझे सात म्हणायचेस. फोन उघडला तर कर्णफुलं. नाही उघडला तर मांस खाऊन घरी."

"त्यांच्या फोनवर?"

"तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, तुझ्या फोनवर नाही. तो तुझ्या ओळखीचा आहे म्हणाले."

तिंचतिक कंटेनरात फेऱ्या मारायला लागला. कंटेनर चार पावलांचा होता, त्यामुळे तो मुख्यतः वळतच होता. "अगं, त्यांचा उघडलेलाच आहे! उघडलेल्यावर पुन्हा टिचकी मारली की तो फक्त म्हणतो, गरज नाही, तुम्ही आधीच विकासक आहात. संपलं. पुढे मोजतच नाही."

"मग त्यांना खरं सांग."

"खरं हे आहे की मी खोटं बोललो."

"हे जरा अवघड आहे," कनिशायने मान्य केलं.

"आणि अजून एक." तो थांबला. खरोखर थांबला, म्हणून तिने वर बघितलं. "मला सहाच येतात."

तिंचतिकचे वडील तो शाळेत असतानाच वारले होते. सहा नावं त्यांनी शिकवली, सातवं पुढच्या वर्षी सांगतो म्हणाले होते. शुक्रवारी संध्याकाळी तिंचतिक धावतपळत जोलचू अबाकडे, म्हणजे चुलत्याकडे गेला. जोलचू अबा मेंढ्यांना मीठ घालत होता.

"सातवा?" अबा विचारात पडला. "सातवा आहे. नक्की आहे. नसता तर सहावा कुठून आला असता?"

"नाव, अबा, नाव!"

"नाव तुझ्या बापाला येत होतं. थोरला तो होता, मग मी कशाला पाठ करू? एका घरात दोन-दोन जण एकच गोष्ट लक्षात ठेवत बसले तर मेंढ्या कोण बघणार?" मग पुतण्याचा चेहरा बघून तो विरघळला. "काहीतरी ठोकून दे रे. जुनं वाटेल असं. फोनला काय कळतंय?"

"फोनला नाही, तेमिरकुल आकेंना कळतं."

"हां," अबा म्हणाला. "तो म्हातारा वाईट आहे."

शनिवारी तिंचतिकने तीन फोन दुरुस्त करायला घेतले आणि चार बिघडवले.

रविवार उजाडला. तेमिरकुलचं घर गावाच्या टोकाला, नारिनच्या रस्त्याला लागून. जमिनीवर दस्तरखान अंथरला होता, त्यावर बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा ढीग, साय, मुरंबे, चहा. आतल्या चुलीवर मेंढा शिजत होता. एका बाजूला तेमिरकुल आणि त्यांची बायको बात्मा, जी लोकरी नमद्यांवरच्या नक्षीसाठी गावात प्रसिद्ध होती. दुसऱ्या बाजूला जोलचू अबा, तिंचतिक, आणि त्याची आई रायकान. तिच्या मांडीवर कर्णफुलांची डबी. कनिशाय दाराजवळ बसून सगळ्यांना चहा ओतत होती, अर्धा-अर्धा पेला, पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा मागावा म्हणून. तिंचतिकच्या गुडघ्यामुळे दस्तरखानाच्या त्या टोकावरचे बोरसोक हळूहळू खाली घरंगळत होते.

"चला," तेमिरकुलनी फोन मधे ठेवला. "मांसाआधी काम. बस पोरा, म्हण."

तिंचतिकने अंगठा टेकवला. "माझा बाप एसेनाली."

पडद्यावर जर्दाळूएवढ्या अक्षरांत ओळ उगवली. तेमिरकुलनी ती मोठ्याने वाचली :

"गरज नाही, तुम्ही आधीच…"

आणि ते थांबले. कारण पुढे काही नव्हतं. चारच शब्द मावले होते, त्यापुढे तीन ठिपके, मग ओळही विरून गेली.

"आधीच काय?" बात्मा म्हणाली.

मग बात्माने सावकाश मान वळवून आपल्या मुलीच्या पोटाकडे बघितलं. रायकानने बघितलं. जोलचू अबानेही बघितलं, मग आपण बघायला नको होतं हे लक्षात येऊन छताकडे बघायला लागला.

"काहीतरीच काय!" कनिशाय म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती पटकन बोलली.

"आधीच जेवलात, असंही असेल," अबाने सुचवलं.

"नाही." तेमिरकुलचा चेहरा दगडासारखा झाला होता. "मी सांगतो काय ते. माझे सात याला ठाऊक आहेत. याच्या बापाचं नाव ऐकताच हा म्हणतो, गरज नाही, तुम्ही आधीच. म्हणजे आधीच आमच्यातले. याचे आणि माझे एकच आहेत, सात पिढ्यांच्या आत." त्यांनी फोन उलटा ठेवला. "रायकान, डबी मिटा. ही दोघं भाऊबहीण आहेत."

डबी मिटलेलीच होती. रायकानने ती आणखी घट्ट मिटली.

"आके, फोन द्या!" तिंचतिकने झडप घातली. "वाक्य पुरतं दिसलं नाहीये! अक्षरं मोठी आहेत म्हणून! बारीक करतो आणि दाखवतो!" गुप्त पान उघडून तो खाली सरकायला लागला, पण जर्दाळू-अक्षरांमुळे पडद्यावर एका वेळी दीडच ओळ दिसत होती आणि नखरे बंद असल्यामुळे पानं अंगावर आल्यासारखी येत होती. रुंदीच्या आकड्याऐवजी बोट भलतीकडे पडलं. सबंध पडद्यावर तांबड्या-निळ्या रेघांच्या चौकटी उमटल्या, चौकटीत चौकटी, प्रत्येक कोपऱ्याला ठिपका.

"थांब!" बात्मा गुडघ्यांवर पुढे आली. "हात लावू नको! कोपरा बघ कसा वळवलाय. जोलचू, खडू आहे का?"

"अपा, ही नक्षी नाही, हे…" त्याने पुन्हा बोट मारलं. रेघा गेल्या नाहीत, पण रंग गेले. सगळा फोन राखाडी झाला.

"आता कोण गेलं?" अबा टोपी काढत म्हणाला.

"कोणी गेलं नाही!"

"मग फोनने सुतक कोणाचं धरलंय?"

बारीक करायला जावं तर हे, राहू द्यावं तर ते. पानाच्या अगदी वर एक बटण होतं, सगळंच्या सगळं बंद करणारं. तिंचतिकने ते दाबलं. रेघा गेल्या, रंग परत आले, अक्षरं मुंग्यांएवढी झाली, पानं पुन्हा लाडेलाडे सरकत येऊ लागली. गुप्त दार लागलं. फोन दुकानात आला होता तसा झाला.

"नक्षी गेली," बात्मा म्हणाली.

"आके." तिंचतिकने फोन खाली ठेवला. "तो म्हणत होता, तुम्ही आधीच विकासक आहात. तुम्ही, म्हणजे तुम्ही. माझ्याविषयी तो काही बोललाच नाही. त्याला माझा बाप ठाऊक नाही, तुमचाही नाही. त्याला नावं कळतच नाहीत. सात टिचक्या मोजतो फक्त. तुमच्या घोड्याने नाकाने मारल्या तर घोडाही विकासक होईल. मी बुधवारी हो म्हणालो कारण मला तुमची मुलगी हवी होती."

चुलीवरचं झाकण खडखडत होतं. तेमिरकुलनी चहाचा घोट घेतला.

"बात्माने गुरुवारीच स्वतःचा उघडला," ते म्हणाले. "मुरंब्यांची नावं घेऊन. जर्दाळू, रासबेरी, काळं द्राक्ष, असं करत सात. झाली विकासक."

तिंचतिकचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आधी नव्हतं. गुरुवारपासून आहे."

"मग गावाला का नाही सांगितलंत? बिचाऱ्या समागानची बायको…"

"तिला आणायला मी उद्या जातोय. आणि गावाला काय सांगू? ज्या पोरांना आजोबाचं नाव धड येत नव्हतं ती मॉस्कोला फोन लावून पाचवा कोण विचारतायत. चाळीस वर्षं मी घसा फोडला, कोणी विचारलं नाही. फोनने विचारलं तर लगेच पाठांतर." त्यांनी पेला खाली ठेवला. "पण मघाशी घाबरलो मी. म्हटलं फोन खुळा असेल, पण खुळासुद्धा कधी खरं बोलून जातो. आधीच म्हणजे विकासक हे तू सांगितलंस, पण मनातली शंका जात नाही, आणि माझ्याकडे एसेनालीच्या पुढची तुझी नावं नाहीत. तुझे लोक जुमगलहून आले, ते माझ्या डोक्यात नाहीत. तेव्हा म्हण. फोनला सात टिचक्या पुरतात. मी फोन नाही."

"टिचक्या मारू की नको?"

"मार. सवय झालीय आता."

तिंचतिकने बिल्ड नंबरवर अंगठा ठेवला. "एसेनाली. कारिपबाय. जुमाली." मुंगीएवढी ओळ आली आणि कनिशायने वाकून वाचली, "आणखी चार." "तोलोगोन." "तीन." तेमिरकुल डोळे मिटून प्रत्येक नाव जिभेवर घोळवत होते, आपल्यातल्या कोणाला लागतं का बघत. "चोकमोर." "दोन." "बुगुबाय."

"एक," कनिशाय म्हणाली. "एकच पायरी."

आणि तिथे तिंचतिक थांबला. जुनी वाटतील अशी नावं शनिवारपासून त्याच्या तोंडात गर्दी करून होती. टोकोय, मुरात, काहीही. अंगठा नुसता खाली टेकायचा. गुडघा इतका हलत होता की सायीच्या वाडग्यात लाटा उठत होत्या.

"येत नाही," तो म्हणाला. "सातवा मला येत नाही, आके. अबालाही येत नाही."

"नाही येत," अबाने मान डोलावली. "मेंढ्यांमुळे."

"मग कर्णफुलं राहू द्या," तेमिरकुल म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "सातवाच नेमका माझा निघाला तर? नाव सापडेपर्यंत थांबू. वर्ष लागो, दोन लागोत."

वर्ष! तिंचतिकला गोठ्यात बांधल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्याच्या शेजारी कोणीतरी त्याच्याहून जोरात चुळबुळ करायला लागलं. ती रायकान होती. तिने डबी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पदरासारखा रुमाल पुढे ओढला, मागे सारला.

"अपा?" तिंचतिकने आईला विचारलं. "काय होतंय?"

"मला येतो," रायकान म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"तुला येतो? मग मला कधी सांगितला का नाहीस?"

"तू मला विचारलंस का कधी? आणि विचारून तरी काय, मी सून आहे त्या घरची. सासऱ्याचं नाव घेत नाही सून, त्याच्या बापाचं घेत नाही, वरच्यांचंही घेत नाही. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या दिवशी सांगितलं, ही सात नावं तुझ्या जिभेवर यायची नाहीत. नाही आली." ती तेमिरकुलकडे वळली. "कुदा, मी खुणेनं सांगते. ओळखा."

"अजून कुदा नाही झालो," तेमिरकुल म्हणाले. कुदा म्हणजे व्याही. पण ते मांडी सावरून पुढे सरकले होते. "सांगा."

"आपण राहतो ते."

"घर," अबा म्हणाला.

"त्याहून मोठं."

"किर्गिझस्तान!"

"अहो भावजी, त्याहून लहान!"

"नारिन?"

"नारिन मी म्हणू शकते! नारिनला माझी काहीच हरकत नाही!" रायकान रडकुंडीला आली. "मार्शरुतकेत बसले की मी ड्रायव्हरला सांगते ना, 'बाजार असतो तिथे उतरव.' कोणी विचारलं कुठे राहता, तर म्हणते 'इथे'. तीस वर्षं म्हणतेय 'इथे'! आणि कळपातला तो… तो… मेंढीचा नवरा!"

तिंचतिकच्या डोक्यात काहीतरी खळकन फुटलं. त्याची आई त्या शिंगाळ जनावराला आयुष्यभर 'मेंढीचा नवरा' म्हणत आली होती. त्याला वाटायचं ती विनोद करते.

"कोचकोर!" कनिशाय म्हणाली.

मेंढ्याला त्यांच्या भाषेत कोचकोर म्हणतात. गावालाही कोचकोर म्हणतात. आणि तिंचतिकच्या सातव्या बापजाद्यालाही म्हणत होते. रायकानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि जोरजोराने मान हलवली : हो, हो.

"जुमगलचा कोचकोर, बुगुबायचा बाप," तेमिरकुल पुटपुटले. त्यांचे ओठ हलत राहिले, बोटं मांडीवर पिढ्या उतरत गेली, एक फांदी, दुसरी फांदी. "तो नाही… तो चोनचा भाऊ… तो आमचा नाही." त्यांनी डोळे उघडले. "कुठेच लागत नाही. आमच्या आठव्याला एकदा त्याने भर बैठकीत शिवी दिली होती, एवढाच संबंध. हे चालतं."

"कर्णफुलं!" अबा ओरडला. "आणि मांस!"

पण रायकानने डबी उघडून ती पुन्हा अर्धवट मिटली. कनिशायकडे बघत ती जरा ओशाळून म्हणाली, "पोरी, एक आहे. ही फुलं घातली की तू त्या घरची. मग ते नाव तुलाही… आता म्हणालीस ते म्हणालीस. पुढे नाही."

"गावाचं नाव नाही घ्यायचं?"

"सवय होते. मला काही अडलं नाही. एकदा फक्त चुकून नारिनला उतरले होते."

कनिशायने चहाची किटली खाली ठेवली. झाकण नीट बसवलं. विचार करायला लागली. तिंचतिकला ओरडावंसं वाटत होतं, की नको पाळूस, काहीही म्हण, पण हे बोलायचा अधिकार त्याला नव्हता. ती वाट तिची होती आणि तिच्याच चालीने चालायची होती.

मग ती उठली, बाहेर गेली, ओसरीच्या पायरीवर उभी राहिली आणि छाती भरून ओरडली :

"कोचकोर! कोचकोर! कोचकोर!"

आयुष्यभराची बेगमी करून घ्यावी तशी ती ओरडत होती, उंच, मग खालच्या पट्टीत, मग तोडून तोडून, कोच-कोर. वाटेत प्रवासी घेत जाणारी एक मार्शरुतका करकचून थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"अगं ए बाई! किती जण? आणि हेच तर आहे कोचकोर! तुला जायचंय कुठे?"

"कुठेच नाही," कनिशाय म्हणाली. "इथेच."

"मग ओरडतेस कशाला?"

"लग्न ठरतंय माझं."

गाडीच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. बात्मा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दारात थांबलेल्या माणसाला मांस शिजत असताना तसंच पुढे पाठवायचं, हे तिच्या घरात कधी झालं नव्हतं. "उतरा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "सगळे उतरा. बूट बाहेर."

ते उतरले : नारिनचे दोन शिक्षक, कोंबडी घेतलेली एक म्हातारी, झोपेतून उठलेला एक शिपाई, आणि बाकीचे. दारात बुटांचा खच पडला. दस्तरखानाभोवती गुडघ्याला गुडघा लागला आणि तिंचतिकचा गुडघा शिक्षकाच्या आणि शिपायाच्या मधे असा चेपला गेला, की त्याला हलताच येईना.

कनिशाय त्या गर्दीतून वाट काढत रायकानसमोर येऊन बसली. केस मागे घेतले आणि कान पुढे केला.

"बाई, तुम्ही कुठल्या?" कोंबडीवालीने रायकानला सहज विचारलं.

रायकानने तोंड उघडलं, मिटलं, आणि सुनेकडे बघितलं.

"आम्ही दोघी इथल्याच," कनिशाय म्हणाली. "घाला ना, अपा."